वळचणीखालची कोरडी माती

टेस्टरवर आकडा आला नऊशे.

तोकुजीने टेस्टर तळहातावर आपटला आणि पुन्हा तारेला लावला. पुन्हा नऊशे. मे महिन्यात याच तारेवर, याच जागी त्याने सात हजार व्होल्ट पाहिले होते. तेव्हा छाती फुगवून तो इगाराशी मास्तरांना म्हणाला होता, "बघा मास्तर, अस्वल एकदा नाक लावेल, पुन्हा तुमच्या मक्याचं नाव काढणार नाही."

मास्तर पायरीवर बसून मुळे धूत होते. "काय रे, काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"सेल उतरलेत बहुतेक."

त्याने सेल बदलले. आकडा काही हलला नाही. मग आजूबाजूला बघून त्याने, जे करायला तो गिऱ्हाइकांना सक्त मनाई करायचा, तेच केलं. बोटाची मागची बाजू तारेला टेकवली. बोटाला जरा गुदगुल्या झाल्या, बस. माणसाला गुदगुल्या करणारी तार तीनशे किलोच्या जनावराला काय कप्पाळ करणार?

तोकुजी हिराओकाचा धंदा कुंपणं घालायचा, बापापासूनचा. ओसारुनाईच्या वाडीत हे काम येरागबाळ्याचं नव्हे. उत्तर जपानच्या होक्काइदोतली ही जमीन म्हणजे वर वीतभर काळी माती आणि खाली ज्वालामुखीने कधीकाळी ओकलेली हलकी, भोकाभोकांची खडी, टाच घासायच्या दगडासारखी. तिच्यात खांब धरत नाही. त्यातून हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि चार फूट गाडलेला खांबही वर ढकलून देते. विटांची भिंत दोन वर्षांत तडकते. लाकडी फळ्या बर्फाच्या वजनाने मोडतात. म्हणून गेल्या दोन शरदांत डोंगरात ओकाच्या झाडांना फळं धरली नाहीत, अस्वलं भुकेली होऊन वाडीत उतरायला लागली, तेव्हा तोकुजीने विचार करून विजेच्या झटका तारेचं कुंपण निवडलं. हलके खांब, तीन तारा, बर्फ पडायच्या आधी गुंडाळून ठेवायच्या. निवड अगदी बरोबर होती. अकरांपैकी सात घरांनी त्याच्याकडून तार घालून घेतली.

तो घराच्या बाजूच्या भिंतीपाशी गेला. तिथे वळचणीखाली झटका मशीन टांगलं होतं आणि त्याच्या पायाशी अर्थिंगच्या तीन सळया ओळीने ठोकल्या होत्या. ही जागा त्याची स्वतःची अक्कल. गवत कापायचं यंत्र अडकत नाही, बर्फ काढणारी गाडी धडकत नाही, सगळं कसं नीटनेटकं. त्याने हातानेच सळईजवळ उकरलं. खडी खळखळत बोटांतून निसटली. पार कोरडी.

वळचणीखाली पाऊस पडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मेमध्ये बर्फ वितळून सगळी जमीन पाण्याने भरलेली होती, म्हणून आकडे झकास आले. त्यानंतर उन्हाळा गेला, आणि आता सव्वीस दिवस पावसाचा थेंब नव्हता. ओल नाही तर अर्थिंग नाही, अर्थिंग नाही तर झटका नाही, हे तोकुजी स्वतः लोकांना समजावून सांगायचा. आणि सळया कुठे ठोकल्या? अख्ख्या आवारातल्या सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात. एका घरी नव्हे. सातही घरी.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"तोकु! ये रे लवकर! आलंय ते!" किनुयो काकूंचा आवाज. काकू त्याच्या आईची मैत्रीण. वय एकोणऐंशी, डोंगराच्या अगदी कडेच्या घरात एकट्या राहायच्या.

"कोण आलंय?"

"कोण म्हणजे? पोस्टमन? अस्वल रे मेल्या! फाटक्या कानाचं, माझ्या आंबवलेल्या मिसोची कोठी फोडलेलं. कुंपणापलीकडे उभं आहे आणि माझ्या भोपळ्यांकडे टक लावून बघतंय. मी इथेच आहे कोबीच्या वाफ्यात. आज त्याला झटका बसताना बघितल्याशिवाय मी हलायची नाही."

काकू, तार मेलेली आहे. चारच शब्द. ते त्याच्या तोंडाशी आले होते. पण मास्तर दोन हातांवर मुळे धूत बसले होते, आणि तोंडातून निघालं ते भलतंच: "काकू, तुम्ही आत जा बघू. उगाच कशाला बाहेर..."

"दोन वर्षं आतच होते की! लाकडं आणायला निघाले तरी पातेलं बडवत, जीव मुठीत धरून. तूच म्हणालास ना, आता बिनधास्त फिरा? मग? फिरतेय!" काकू खळखळून हसल्या आणि फोन बंद झाला.

तोकुजी गाडीकडे धावला. "मास्तर, आत जा. दार लावून घ्या."

"का रे? झालं काय?"

त्याने गाडी सुरू केली. काय सांगणार होता, कप्पाळ?

काकूंचं घर चार मिनिटांवर. वाटेत त्याने तीनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शिकाऱ्यांच्या संघाला लावला. ते म्हणाले, निघतो, पण चाळीस मिनिटं लागतील. तार नसती तर बाई घरात बसली असती, हे त्याला वळणावळणावर आठवत होतं. अस्वल वाडीत आलं असतं, भोपळे खाऊन गेलं असतं, आणि काकू दाराला कडी घालून आतून शिव्या देत बसल्या असत्या. त्यांना बाहेर काढलं ते तोकुजीच्या शब्दाने.

त्याने हॉर्न वाजवत गाडी अंगणात घातली. अस्वलाने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भोपळ्यांकडे वळलं. उन्हाळाभर मक्याच्या शेतात असले हॉर्न त्याने पुष्कळ ऐकले होते.

काकू वाफ्यात उभ्या होत्या. एप्रन, डोक्याला टॉवेल, हातात कुदळी. अस्वल त्यांच्यापासून दहा पावलांवर, तीन बारीक तारांपलीकडे. चारी पायांवर उभं होतं, तरी त्याची पाठ काकूंच्या छातीला लागली असती.

"काकू, आत चला!"

"शूऽऽ! ओरडू नकोस. नाक लावू दे त्याला."

आणि त्याने नाक लावलं. मधल्या तारेला. डोकं झटकलं, एकदा शिंकलं, आणि पुन्हा लावलं. मग पंजा उचलून खालच्या तारेवर ठेवला आणि रेटलं. खांब तिरपा झाला.

"अरे, हे काय?" काकूंचं हसू ओसरलं. त्यांनी वळून तोकुजीकडे पाहिलं. "तोकु? मशीन चालू आहे ना रे?"

मशीन चालूच होतं. दर सेकंदाला टक, टक करत होतं. तोकुजीला वाटलं धावत जावं आणि काकूंना उचलून आणावं. पण घराचं दार चाळीस पावलं दूर, काकूंचे गुडघे गेलेले, आणि पळणाऱ्याच्या मागे अस्वल लागतं. सळया भिजवायला त्याने बाहेरच्या नळाकडे पाहिलं. नळ कुंपणालगत, अस्वलाच्या नाकासमोर.

"काकू, पाठ फिरवू नका! हळूहळू मागे सरका!" एवढं ओरडून तो मागच्या दाराने बुटांसकट घरात शिरला. चटयांवर धुळीचे ठसे उमटवत न्हाणीघरात गेला. त्या घरात आजवर कुणी असं केलं नसेल. टबात काल रात्रीच्या अंघोळीचं पाणी तसंच होतं, काकू त्यात कपडे धुवायच्या. न्हाणीघराची खिडकी बरोबर मशीनच्या वर. त्याने खिडकी सरकवली, बादली बुडवली आणि खाली सळयांवर ओतली.

खडीने पाणी गिळलं. मागमूससुद्धा राहिला नाही. दुसरी बादली. तिसरी. पलीकडे माती ओली होती, कोबीला काकू रोज पाणी घालायच्या. कोरडा होता तो फक्त हा कोपरा, तोकुजीने स्वतः पसंत केलेला. चौथी. पाचवी. खिडकीतून त्याला काकूंचा डोक्यावरचा टॉवेल दिसत होता, इंचाइंचाने मागे येणारा, आणि त्यापलीकडे अस्वलाचं डोकं, आता दोन तारांच्या मधोमध. वरची तार त्याच्या मानेवरच्या दाट केसांत रुतली होती. "भिज गं बाई, भिज," तो मातीला विनवत होता. तो रडत होता, आणि ते त्याला कळत नव्हतं. सातवी बादली. आठवी.

अस्वलाने पुढे यायला जोर केला आणि ओलं नाक मधल्या तारेला टेकलं.

फाडकन आवाज झाला. अस्वल किंचाळलं. एवढं मोठं जनावर असं किंचाळू शकतं, हे तोकुजीला ठाऊक नव्हतं. ते मागच्या मागे उलटलं, वरची तार तटकन तुटली, आणि झुडपं मोडत ते पळालं.

तोकुजी बाहेर आला तेव्हा काकू कोबीत बसल्या होत्या. कुदळी हातातच होती.

"पहिल्यांदा का नाही बसला?" त्यांनी विचारलं.

"मशीन जरा..." तो म्हणाला आणि थांबला. काकू बघत होत्या. "तारेत जोर नव्हता, काकू. सळया मी कोरड्यात ठोकल्या. चूक माझी."

"कधी कळलं तुला?"

"मघाशी. मास्तरांकडे."

"मी फोन केला, त्याआधी?"

"हो."

सगळ्या वाडीला शिव्या घालणारी ही बाई. तोकुजी वाट बघत उभा राहिला. कोबीचं एक चुरगळलेलं पान काकू सरळ करत राहिल्या. त्यांनी कुदळी हाणली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"कुठल्या बाजूला गेलं ते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खाली."

खाली बाकीची घरं होती. चारला दहा मिनिटं कमी, उजेड लख्ख. इथून सगळं दिसत होतं. सुगिनोंची सून दोन्ही मुलांना घेऊन बटाटे काढत होती. मास्तर पुन्हा बाहेर येऊन मुळे दोरीला बांधत होते. गेल्या शरदात या वेळी अंगणात चिटपाखरू दिसत नव्हतं. आता सगळे बाहेर होते, तोकुजीच्या तारांच्या आत.

काकूंनी एप्रनमधून फोन काढला आणि वाडीच्या प्रमुखांना लावला. "साकुराबा, खांबावरचा भोंगा चालू कर आणि फोन माईकपाशी धर. तोकुला बोलायचंय." त्यांनी फोन पुढे केला. "सांग."

"काकू, तुम्हीच..."

"तू सांग. तुझ्या सांगण्यावर बाहेर आलोय आम्ही."

भोंगा खरखरला. तोकुजीने घसा खाकरला, आणि ते खाकरणंही अख्ख्या वाडीने ऐकलं.

"मी तोकुजी हिराओका," तो म्हणाला. त्याचाच आवाज क्षणभराने खालून परत आला. "अस्वल खाली येतंय. मी घातलेल्या कुंपणांत जोर नाही. सातही घरांच्या. चूक माझी आहे. त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. घरात जा, आत्ता."

खाली सुगिनोंच्या सुनेने मान वर करून खांबाकडे पाहिलं. मग धाकट्याला काखोटीला मारून, थोरल्याचा हात धरून ती चालू लागली. मास्तर मात्र मुळे हातात घेऊन तसेच उभे होते, ऐकलं ते खरं की काय, अशा नजरेने डोंगराकडे बघत.

"पुन्हा सांग," काकू म्हणाल्या.

त्याने पुन्हा सांगितलं.