बाबांच्या खडकावरची कालवं

कालवाला, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यातल्या जिवाला, रक्त असतं असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. असतं हो! पाण्यासारखं, बिनरंगी. त्यातल्या पेशी बाहेरून आलेले जंतू गिळून टाकतात. कालवाला दुसरा डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत मी त्या पेशींपुढे रंगवलेले यीस्टचे कण टाकते आणि शंभरातल्या किती पेशींनी ते गिळले ते मोजते; आकडा जितका मोठा, तितकं कालव निरोगी. बाबा सगळ्यांना सांगायचे, "पोरगी एवढी शिकली आणि कालवांची खानावळ चालवते."

रंगाच्या कारखान्याला खाडीत सांडपाणी सोडायची परवानगी वाढवून हवी होती. तपासणी माझ्याकडे आली. पद्धत ठरलेली आहे: सांडपाण्याच्या नळाजवळची कालवं आणि स्वच्छ जागेची कालवं, दोन्हींची तुलना करायची. स्वच्छ जागा म्हणजे अर्थातच बाबांचा खडक. त्याच खडकावर त्यांचं पोट होतं, मीही तिथलीच कालवं खाऊन वाढले. शंका घ्यायचं मनातही आलं नाही. नळाजवळ शंभरात एकतीस पेशींनी कण गिळले, बाबांकडे तेहतीस. मी 'फरक नाही' लिहून सही ठोकली. परवानगी मिळाली.

उन्हाळ्यात बाबांची कालवं मरायला लागली. मी कपाट उपसून जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वी, त्याच खडकावर, शंभरात अठ्ठ्याहत्तर. अक्षर माझंच होतं. दोन्हीकडची कालवं सारखीच आजारी होती, म्हणून फरक नव्हता. आणि मी, मूर्ख, जुनी वही उघडायचेही कष्ट घेतले नव्हते.

अहवाल चुकल्याचं पत्र प्रयोगशाळेतल्या साहेबांना देऊन मी थेट खडकावर गेले. बाबा मेलेली कालवं खरवडत होते. त्यांना सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे माझ्याच कालवांनी कारखान्याच्या बाजूने साक्ष दिली?"

"चूक माझी आहे, बाबा."

"आता पाणी बंद होईल ना?"

"साहेब म्हणाले, फेरतपासणीला वर्ष तरी जाईल."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, हातातलं खुरपं बाजूला ठेवलं.

"तुझी आई शेवटी शेवटी दुसरं काही खायचीच नाही," ते म्हणाले. "ताकद येईल म्हणून रोज मी इथल्याच कालवांचं सूप करून द्यायचो. त्यातही हे होतं का गं?"

मला खरंच माहीत नव्हतं. 'नव्हतं' एवढंच म्हणायचं होतं, पण मी त्यांचं खुरपं उचललं आणि मेलेली कालवं खरवडायला लागले. बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.