पहिलं झोडपण हरणांचं

पौषातल्या कोवळ्या उन्हात पाटोद्याबाहेरच्या माळावर काठीचा सपसप नाद उमटला, की समजावं, मुमताजबी बोरं झोडपते आहे. आधी तो आवाज, मग आंबटगोड दरवळ आणि सगळ्यात शेवटी, कुसळांनी भरलेली हिरवी ओढणी सावरत ती स्वतः. तिचा एक दंडक होता. पहिल्या झोडपणीची बोरं ती उचलत नसे, ती हरणांची. दुसऱ्या झोडपणीची तेवढी पाटीत भरून बाजारात न्यायची.

थंडीत हरणं नेमकी तिच्या बोरीच्या याच उतारावर का जमतात, हे कुतूहल मला, गावच्या शाळामास्तराला, कैक वर्षं छळत होतं. शेजारीच लागवडीचं दाट रान होतं, आडोसा होता, पण तिकडे एकही फिरकत नसे. मुमताजबीला मात्र हे कोडं पडलंच नव्हतं. "माझ्या बोरांसाठी येत्यात, मास्तर. अजून कशापायी येतील?" असं म्हणताना तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर यजमानीणबाईंचा तोरा असे.

मग एका हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. बोर लगडून तशीच उभी राहिली आणि घरात बसल्या बसल्या तिनं घोर लावून घेतला. मुकी जनावरं येऊन उपाशी माघारी गेली असतील, या विचारानं तिला घास गोड लागेना. "तेवढं बघून या," म्हणाली.

मी सकाळीच गेलो. हरणं होती. बोरीपासून चांगली लांब, उताराच्या मधोमध, जिथे ऊन सगळ्यांत आधी उतरतं, मागचा डोंगर गार वारा अडवतो आणि गवत आखूड असल्यानं लांडगा दुरूनच दिसतो. दाट रानात ना ऊन पोचत, ना नजर. बोरीखाली पिकून गळलेली फळं तशीच पडून होती. माझं कोडं सुटलं, पण हे तिला सांगायचं कसं?

सांगितलं. ती खळखळून हसली. "मंग लई बरं झालं! मी न्हाई गेले तरी त्यांचं अडत न्हाई." त्या दिवशी ती पोटभर जेवली. तोरा मात्र पुन्हा कधी दिसला नाही, आणि मला त्याचीच चुटपुट लागून राहिली.

यंदा मुमताजबी नाही. कळप त्याच उन्हात, त्याच जागी आहे. मी बोरीवर काठी मारली, पहिली बोरं टपटप पडली आणि ती न उचलता तसाच उभा राहिलो. आवाजासरशी हरणांनी माना वर केल्या, इकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. पळालं एकही नाही. बोरांसाठी ती कधीच आली नसतील. पण इतक्या हिवाळ्यांनंतर एका बाईच्या काठीला न भिणं, हीसुद्धा तिची आठवणच म्हणायची.