तोटीत अडकलेला थेंब

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे. काचेची उंच नळी, खाली तोटी, अंगभर आकडे. शून्य डोक्याशी आणि पन्नास पायाशी. म्हणजे मी जितकी रिकामी होते, तितका माझा आकडा वाढतो! भट्टीत मला इतकं लांब ओढलं, की माझं एक टोक शेजारच्या गावात निघालं. खोटं वाटतंय? कापणाऱ्याला विचारा, बिचारा सायकलवरून आला होता.

नोकरी व्हिनेगरच्या कारखान्यात. पिंपातलं व्हिनेगर किती कडक, हे मी सांगायची. मग त्यात पाणी किती घालायचं ते ठरायचं. माझ्या पोटात व्हिनेगरमधलं आम्ल मारणारी अल्कली, तिची ताकद आधीच माहीत. खाली चंबूत मोजून घेतलेलं व्हिनेगर आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. चंबू फिरवत अल्कली थेंब थेंब सोडायची. गुलाबी झाक येते, विरते, येते, विरते. ज्या थेंबाला ती टिकते, तिथे थांबायचं. किती अल्कली लागली त्यावरून आम्लाचा हिशोब.

थांबावं तर आमच्या ताईनं. कारखान्याची केमिस्ट. अर्धा थेंबसुद्धा माझ्या टोकाला अलगद तोलून धरायची. "पुरे गं बाई," म्हणायची मला. आणि काहीही होवो, मला धुतल्याशिवाय घरी जायची नाही.

एक दिवस तिची धाकटी बहीण आली. बाटल्या भरायचं काम तिच्याकडे.

"ताई, किती पाणी घालू? पिंप उघडून बसलेय."

"थांब की! घोड्यावर बसून आलीस का?"

पहिल्यांदा आकडा आला एकोणीस पूर्णांक सहा दशांश. दुसऱ्यांदा एकवीस. ताईच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. मी जीव खाऊन तोटी आवळली, पण काचेचा जीव तो केवढा!

"रंग आला का गं?" ताईनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आला? अगं, बीट किसून टाकलंस की काय त्यात?"

धाकटी हसली आणि मग ताईच्या डोळ्यांकडे बघू लागली. ताईला फिका गुलाबी दिसतच नव्हता. त्या फुगलेल्या आकड्यावर जास्त पाणी घातलं असतं तर व्हिनेगर पातळ झालं असतं, आणि त्यात मुरवलेल्या सगळ्या भाज्या नासल्या असत्या.

"पाणी घालू नकोस," ताई म्हणाली. "इकडे ये. मी चंबू फिरवते, तोटीही माझीच. तू फक्त बघ."

"आला... गेला. आला... गेला गं. ताई, राहिला!"

अठरा. पुन्हा केलं. पुन्हा अठरा.

ताईनं वहीत आकडा लिहिला, चष्मा पुसला, उगाचच. "डोळ्यांचं ऑपरेशन करून येते," म्हणाली. माझ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि गेली. त्या दिवशी मला धुवायचं राहिलं.

आता माझ्या जागी आकडे दाखवणारं यंत्र आहे. मी कपाटात. आतली अल्कली सुकून पांढरी झाली, तोटी गच्च बसली. धाकटीनं फिरवून पाहिली. "हट्टी आहे म्हातारी," म्हणाली.

मित्रांनो, काम झालं की काचेला लगेच धुवा. कुणाला दिसेनासं झालं, तर हसण्याआधी त्याच्यासाठी बघा. आणि मला उगाच पिळू नका. कोमट पाण्यात भिजवलं की तोटी सुटेल, ठाऊक आहे मला. पण घाई नाही. कपाटाचं दार वाजलं, की मी आधी पावलं ऐकते, ताईची आहेत का ते.