हलका हात

रुग्णालयात सगळे त्यांना ‘सुईवाले डॉक्टर’ म्हणत. मानेत गाठ आली की सुईने तिच्यातल्या पेशी काढायच्या, काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली पाहून आजार ओळखायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मग एक तरुण डॉक्टरीण रुजू झाली आणि पेशंट विचारू लागले, “त्या हलक्या हाताच्या बाई आहेत का?” तेव्हापासून डॉक्टरांच्या पोटात दुखायला लागलं.

ती सिरिंज लावतच नसे. नुसती सुई चिमटीत धरून गाठीत दोन-चारदा आतबाहेर करायची. “शिवणाचा क्लास काढलाय जसा,” असं ते येताजाता ऐकवत.

अशातच त्यांच्या बायकोच्या मानेत गाठी सुजल्या. महिनाभर औषधं घेऊनही बसेनात.

“सुई घालावी लागेल. उद्या करून टाकू,” ते म्हणाले.

“अहो, त्या बाईंनाच करू द्या ना. माझ्यावर तुमचा हात थरथरेल.”

“माझा?”

त्यांचा चेहरा असा उतरला, की दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने त्यांच्या टेबलावर आडवी झाली. हात थरथरलाच. दोनदा सुई घातली, दोन्ही वेळा काचेवर नुसतं रक्त.

“आता पुरे. त्यांना बोलवा,” बायको म्हणाली.

डॉक्टरीण आली. “काकू, आता बोलायचं नाही, गिळायचं नाही.” दहा सेकंदांत काम झालंसुद्धा.

दुपारी ती त्यांच्या खोलीत आली. “सर, टीबी आहे. कॅन्सरच्या पेशी कुठेच नाहीत.”

“काचा ठेवा. बघतो मी,” ते कोरडेपणाने म्हणाले.

दार लावून त्यांनी एकेक काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पिंजून काढली. एखादी तरी चूक सापडू दे! तासाभराने एका कडेला काळपट, मोठाल्या पेशी दिसल्या. सापडली! छाती फुगली आणि पुढच्याच क्षणी हातपाय गार पडले. चूक म्हणजे कॅन्सर. बायकोच्या मानेत. आपण मागत होतो तरी काय?

डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. पसरताना चिरडलेल्या साध्याच पेशी होत्या त्या. बाकी सगळं बाई म्हणाली तसंच होतं; वेगळा रंग दिलेल्या काचेवर तर टीबीचे लालचुटूक जंतूही दिसले.

दार उघडलं, तर ती बाहेर उभीच होती. “काही चुकलं का, सर?”

“नाही.” ते अडखळले. “तुमची चूक शोधत होतो मी.”

तिने विचारलं, “सापडली असती तर सांगितली असतीत ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बायको खडखडीत बरी झाली. आल्यागेल्याला सांगायची, “काय हलका हात हो त्या पोरीचा!” डॉक्टरांना ते अजूनही झोंबायचं, पण ते मान डोलवायचे. बंद दारामागचा तो तास मात्र त्यांनी बायकोला कधीच सांगितला नाही.