फळीवर तीन टकटक

व्हर्डी पिटमनच्या धक्क्यावर एक पाटी होती. तिच्या नवऱ्याने, एमेटने, वारायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या हाताने रंगवलेली. ‘मगरींना खायला घालू नये. पाण्यावर मासे साफ करू नयेत. अक्कल असेल तर कारण विचारू नये.’ शेवटची ओळ व्हर्डीने हट्टाने घालून घेतली होती. फ्लोरिडातल्या त्या नदीवर जन्मलेल्या माणसाला पाटी लागतच नसे. ती होती उत्तरेकडून उतरणाऱ्या पेन्शनरांसाठी, आणि ते मेले तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे.

मासे साफ करायचं टेबल तिने पाण्यापासून पार लांब, ओकच्या झाडाखाली ठेवलं होतं. डोकी, आतडी सगळं बादलीत, आणि बादली मागच्या खड्ड्यात. एक कल्ला जरी पाण्यात पडला तरी व्हर्डी दुकानातून ओरडत यायची. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज शाबूत होता.

समोरच्या लव्हाळ्यात एक मगर राहायची. साडेआठ फूट, पुढचा डावा पंजा अर्धा तुटलेला. एकोणीस वर्षं व्हर्डी तिला बघत होती. दर उन्हाळ्यात अंडी घालायची, पिल्लं डोक्यावर घेऊन फिरायची, पण धक्क्याच्या चाळीस हात आत कधी आली नाही. नाव येताना दिसली की नुसती बुडी मारायची. व्हर्डीने तिला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की लाड आले आणि लाड आले की घात झाला, असं एमेट म्हणायचा. सकाळी कॉफीचा पेला घेऊन ती पायरीवर बसायची आणि पलीकडे ते दोन डोळे पाण्यावर दिसले की तिला बरं वाटायचं. जगात बाकी प्रत्येकाला व्हर्डीकडून काहीतरी हवं असायचं. बर्फ हवा, गळ हवा, उधार हवं, सल्ला हवा. हिला काही नको होतं. म्हणून तर व्हर्डीचा तिच्यावर जीव होता.

आणि मग ओहायोहून डॉक्टर लेलँड व्होगेल आले.

दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातला, म्हणजे कुठल्याही तोंडाची भीती उरली नाही, अशी त्यांची समजूत असावी. छपरावर वेताच्या खुर्च्या ठेवलेली, व्हर्डीच्याच धक्क्याला बांधलेली मोठी सपाट नाव, पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि खिशात नदीवरचं एक पुस्तक. ते पुस्तक वाचून ते व्हर्डीला नदी समजावून सांगत. ती म्हणे, “हो का डॉक्टर? बाई बाई, मला मेलीला हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही!” डॉक्टर खूश होऊन पुढचं पान उघडत.

त्यांनी दुकानातून मार्शमॅलो न्यायला सुरुवात केली. साखरेचे ते पांढरे फुगीर बोळे, पोरं शेकोटीवर भाजून खातात ते. एक पिशवी, मग दोन. फेब्रुवारीत व्हर्डीला कळलं ते कुठे जातात. डॉक्टर नावेच्या कडेला ओणवे झाले होते, फळीवर टकटकटक तीन वेळा वाजवत होते आणि गोड आवाजात म्हणत होते, “प्रिन्सेस! ये गं माझी प्रिन्सेस!”

आणि लव्हाळ्यातून ती येत होती. चाळीस हात ओलांडून.

“डॉक्टर!” व्हर्डी धक्क्यावरून गरजली. “वाचता येतं ना? पाटी कशाला लावली आहे, कावळ्यांना बसायला?”

“व्हर्डीबाई, ती मला ओळखते,” डॉक्टर म्हणाले. “आमच्यात एक नातं जुळलंय.”

“तिचा मेंदू अक्रोडाएवढा आहे. तुमच्याशी जुळायला तेवढा पुरत असेल.”

डॉक्टर हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवसापासून व्हर्डीच्या दुकानात रोज नवा किस्सा. संध्याकाळी गावातले चारजण उकडलेल्या शेंगा खायला जमायचे आणि व्हर्डी डॉक्टरांची नक्कल करायची. कंबर वाकवून, ओठांचा चंबू करून, “प्रिन्सेस! ये गं!” लोक हसून हसून शेंगांची टरफलं गिळायचे. डॉक्टर सकाळी आले की व्हर्डी मुकाट्याने दोन पिशव्या पुढे सरकवायची. हॉयट, तिच्या भावाचा मुलगा, एकदा म्हणाला, “आत्या, तुला माहितीये ना हे कुठे जाणारे?” हॉयटकडे मगरी पकडायचा सरकारी परवाना होता, त्याला कळत होतं. व्हर्डी म्हणाली, “असू दे रे. एक दिवस ती त्याच्या हाताचं बोट धरेल, मग येईल अक्कल ठिकाणावर. चांगली अद्दल घडू दे मेल्याला.”

मे महिन्यात डॉक्टर नातीच्या लग्नाला ओहायोला गेले. मगर ते तीन आठवडे त्यांच्या रिकाम्या नावेखाली येऊन थांबायची. कुणी शीतपेटीचं झाकण आपटलं, कुणाची वल्ही फळीवर पडली की वर यायची, तोंड उघडून. व्हर्डी बांबू घेऊन पाणी बडवायची. “जा! मर मेली, जा तिकडे!” ती चार हात मागे सरायची आणि पुन्हा यायची.

डॉक्टर परत आले ते हात हलवत. दोर बांधायला वाकले आणि बुटाची टाच फळीवर ठोकली गेली. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी फुटलं. डॉक्टर किंचाळले ते पलीकडच्या चर्चपर्यंत ऐकू गेलं. पाय वाचला, पांढरा बूट गेला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी मगरींच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी फोनवर तक्रार नोंदवून टाकली होती.

व्हर्डी त्यांच्या नावेवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या माणसापुढे आवाज खाली आणला. “डॉक्टर, तक्रार मागे घ्या. चार फुटांच्या वरची मगर म्हटली की ते दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत. मारतात. मी बांबूने हाकलीन, महिनाभर हाकलीन, विसरेल ती.”

“अहो, पण उद्या एखाद्या लेकराला नेलं म्हणजे?” डॉक्टर म्हणाले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. “तुम्हाला चालेल?”

हात दाखवून अवलक्षण करणारा हा दीडशहाणा, पण या वेळी तो बरोबर बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना. चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी फाशी द्यावीच लागणार होती.

काम हॉयटकडेच आलं. तो सकाळी सकाळी आपली नाव घेऊन आला, गळाचा लांब दोर, जबडा बांधायची काळी चिकटपट्टी. दोन दिवस फिरला. ती दिसलीच नाही. जन्मभर इंजिनाच्या आवाजाला बुडी मारत आलेली बाई ती, असली कसली सापडते! व्हर्डीला वेडी आशा वाटू लागली. एकेका मगरीसाठी मिळणाऱ्या परवान्याला मुदत असते. मुदत संपेल, लोक विसरतील.

तिसऱ्या दिवशी हॉयट धक्क्यावर उभा राहिला आणि डॉक्टरांना म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच बोलवा तिला. कशी बोलावता ते सगळ्या गावाला पाठ आहे.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “मी? नाही, नाही. माझ्याच्याने नाही व्हायचं. तिचा माझ्यावर विश्वास आहे हो.” आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, नावेच्या आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“शेळपट!” व्हर्डी त्या दाराकडे बघून थुंकली. “लाड करायला पुढे आणि निस्तरायची वेळ आली की रुमाल! याला लाज म्हणून...”

“आत्या, बास,” हॉयट म्हणाला. “मी भाला घेऊन शोधू शकतो. पण घाव चुकला तर दोन दोन दिवस तडफडेल. हाक मारली तर एका झटक्यात होईल. ते बोळे हवेत. त्याच्याकडे आहेत का उरलेले?”

“त्याच्याकडे कुठले, रिकाम्या हाताने...” व्हर्डी बोलता बोलता थांबली.

हॉयट दुकानाकडे बघत होता. दाराशेजारच्या फळीवर, बर्फाच्या पेटीच्या वर, पांढऱ्या पिशव्यांची चळत होती. फेब्रुवारीत दोन रांगा असायच्या. आता पाच होत्या. डॉक्टर रोज दोन नेतात म्हणून व्हर्डीने जास्त मागवल्या होत्या.

अद्दल घडू दे, असं ती म्हणाली होती. तिला रोज किस्सा हवा होता. एकदा तरी त्या ओहायोच्या माकडाचं बोट जावं, याची ती मिटक्या मारत वाट बघत होती. त्यापायी कुणाचा जीव जाणार, हे त्या नदीवर कुणाला माहीत होतं? डॉक्टरांना नव्हतं. तिला होतं.

व्हर्डी आत गेली, एक पिशवी काढली, दातांनी फोडली.

“तू नको, आत्या,” हॉयट म्हणाला.

“सर बाजूला. विकले मी, तर हाकही मीच मारते.”

ती गुडघ्यांवर बसली. गुडघे कडकडले. तिने फळीवर तीन वेळा टकटक केलं. गोड आवाज काढायचा प्रयत्न केला तर तोंडातून डॉक्टरांची नक्कलच बाहेर पडली, दुकानात करायची तीच, आणि या वेळी हसायला कुणी नव्हतं.

“प्रिन्सेस. ये गं.”

लव्हाळं हललं. पाण्यावर दोन डोळे आले आणि सरळ रेघेत येऊ लागले. चाळीस हात, तीस, दहा. एकोणीस वर्षांत ती व्हर्डीच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. अर्धा पंजा पाण्याखाली स्पष्ट दिसत होता. ती फळीशी थांबली, तोंड उघडलं आणि वाट बघू लागली.

व्हर्डीने बोळा टाकला. हॉयटने गळ फेकला.

पुढचं सगळं लवकर झालं, हॉयट म्हणाला होता तसंच. मगरीला नेणारी गाडी गेल्यावर नावेचं दार उघडलं आणि डॉक्टर लाल डोळ्यांनी बाहेर आले.

“व्हर्डीबाई,” ते म्हणाले, “तिला काही कळलं तरी असेल का हो?”

व्हर्डीने पिशवीत उरलेले बोळे बादलीत ओतले, बादली उचलली आणि मागच्या खड्ड्याकडे चालू लागली.