यॉबचा तुकडा

आमच्या देवळात माणसं सहाशे, आणि प्रभुभोजनाच्या मेजाशी, येशूच्या आठवणीचा पाव खायला, उठून जातात चार. बाकीचे काळे कपडे घालून, गालात पेपरमिंट धरून बसून राहतात. येशू म्हणे सगळ्यांसाठी मेला नाही, देवानं आधीच निवडलेल्यांसाठी मेला. न निवडलेल्यानं तो पाव खाल्ला की शिक्षा. हॉलंडच्या झीलंड प्रांतातल्या आमच्या गावात ही भीती पोरांना दुधाबरोबर पाजतात.

माझ्या आईनं ती एकाहत्तर वर्षं प्यायली. मग डॉक्टर म्हणाला, हृदय संपलंय, फार तर महिनाभर. तेव्हा तिला एकच हवं झालं. एकदा तो पाव.

देवळाच्या पंचांतला एक, मंडळीचा वडील यॉब, वर्षाच्या भेटीला घरी आला. आमची कॉफी ढोसली आणि विचारलं, "पीटरनेला, निवड झाल्याची खूण पटली का मनाला?"

"खूण कसली? तो सगळ्यांसाठी मेला. जो हात पुढे करील त्याला मिळेल. मी करतेय."

"ही त्या पाखंडी आर्मिनियसची बडबड! साडेतीनशे वर्षांपूर्वी हाकललीय आपण."

"मग परत आली असेल. तूही येतोसच की दरवर्षी."

यॉबनं बिस्किट संपवलं. "रविवारी उठलीस तर ताट तुझ्यापुढून नेईन."

नेलंच. आई काठी टेकत एकटी गेली, बसली, हात पुढे केला. त्या माणसानं ताट तिच्या बोटांवरून उचलून पलीकडे दिलं. सहाशे जण गोळ्या चघळत बघत होते. त्यांत मीही होते. किळस येते मला. त्यांची, आणि माझीही.

सोमवारी यॉबकडे अंडी आणायला गेले. मागच्या अंगणात त्याची बायको लेना कोंबड्यांना पांढरे तुकडे टाकत होती.

"कालचा पाव?"

"हो गं. चाळिसांचा कापलेला, खाल्ला चौघांनी. मेजावरून उतरला की साधाच पाव तो. वाया कशाला घालवायचा?"

"आणि कोंबड्यांची निवड झालीय वाटतं, लेनाकाकू?"

मी चिखलात गुडघे टेकले, कोंबड्या ढकलल्या आणि तीन तुकडे उचलले. एकाला शीट लागली होती.

आईला सगळं खरं सांगितलं. तिनं तुकडे चादरीला पुसले. "तू आधी खा. काल बसून राहिलीस ना."

खाल्ला. तोंडभर खुराड्याचा वास. मग आईनं डोळे मिटून दुसरा खाल्ला आणि तिसरा उशाशी ठेवला.

"हा यॉबचा. मला पुरायला येईल, तेव्हा दे."

त्यानंतर अकराव्या दिवशी यॉब आईला पुरायला आला. "तुमच्या मेजावरचा. आईनं ठेवलाय तुमच्यासाठी," म्हणत मी तो वाळका तुकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.