राहिला नाही

नरहर सहस्रबुद्धे म्हणजे लखनौच्या तेलीबागेतलं एक नंबरचं चावट कार्टं. वय पन्नाशीला टेकलेलं, रेल्वेत इंजिनिअर, पोट सुटलेलं, पण खोड्या इयत्ता चौथीतल्या. एकदा त्यानं दूधवाल्याला सांगितलं की सरकार दुधातलं पाणी मोजायचं मशीन वाटतंय, पहिलं आपल्याच गल्लीत येणार. बिचारा दोन आठवडे निर्भेळ दूध घालत होता. गल्लीतल्या चहाची चव सुधारली आणि लोकांनी नरहरला दुवा दिला.

एकच अडचण होती. त्याला थाप पचायची नाही. थाप मारून झाली की आधी पोट हलायचं, मग खांदे, मग तोंड फुटायचं. ओळखीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाहीत, पोटाकडे बघायची.

शेजारी, भिंतीला भिंत लावून, पद्मावहिनी राहायच्या. नवरा गेल्यावर वाईचं घर बंद करून लखनौला मुलाकडे आलेल्या. मुलगा धनंजय एका संशोधन संस्थेत, झाडपाल्यातून औषधं काढायच्या कामात. वहिनींना हिंदी यायची नाही, पण येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. हिंदी म्हणजे काय, मराठीच जरा सैल नेसलेली, असं त्यांचं मत.

नरहरला तर पर्वणीच. रिक्षावाला "खाली है" म्हणाला की वहिनी वाकून रिक्षाच्या खाली बघायच्या. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, कोपऱ्यावरच्या शाळेला पाटी लागली, "प्रौढ शिक्षा केंद्र". वहिनींनी ती वाचली आणि कळवळून म्हणाल्या, "या वयात शिक्षा? काय केलं हो बिचाऱ्यांनी?"

"चोऱ्या," नरहर गंभीरपणे म्हणाला. "लोकांच्या बागेतले पेरू."

त्यानंतर संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वहिनी डोळ्यात पाणी आणून बघायच्या. एकाला तर त्यांनी लाडू दिला. विनया, नरहरची बायको, म्हणायची, "अहो, सांगा ना त्यांना खरं. किती चेष्टा करायची!" पण नरहर कधी सांगायचा नाही. खरं सांगितलं तर मजा संपली ना!

धनंजयचं खूळ वेगळं. त्याला डोंगर चढायचा नाद. वाईच्या पोराला तो असायचाच, पण नोकरी लागली लखनौला, जिथे रेल्वेच्या पुलावर चढलं तरी उंच गेल्यासारखं वाटतं. मग हा पठ्ठ्या पाठपिशवीत विटा भरून पहाटे रायबरेली रोडनं चालत सुटायचा. एकदा हवालदारानं पकडला, कुणाच्या बांधकामावरच्या विटा पळवतोस म्हणून. सोडवायला नरहर गेला आणि हवालदाराला म्हणाला, "साहब, रोज थोड़ी-थोड़ी ले जाता है. ताजमहल बना रहा है." सुटायला दुपार झाली.

पण खूळ खरं होतं. लखनौजवळ बख्शी का तालाबच्या तळावर एअरफोर्समधले चौहानसाहेब होते, ते दर वर्षी पाच-सहा जणांना घेऊन हिमालयात जायचे. त्यांच्याबरोबर धनंजय जायचा आणि परत आला की नरहरच्या व्हरांड्यात बसून सांगायचा. तोंड भाजून काळं, नाकाची साल निघालेली, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल. तिथे वर म्हणे एक कप चहासाठी किती वेळ बर्फ वितळवत बसावं लागतं. बूट झोपायच्या पिशवीत घेऊन झोपावं लागतं, नाहीतर सकाळी त्यांचं लाकूड होतं.

"बुटांना कवटाळून झोपतोस?" नरहर म्हणायचा. "वहिनी, याचं लग्न उरका बुवा."

"आणि काका, धारेवर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा तयार होतो. अधांतरी. वरून बघितलं तर साधी जमीन वाटते. त्याच्यापासून लांब चालायचं, एवढंच."

गेल्या वर्षी गंगोत्रीच्या वरचं एक शिखर त्याच्या अगदी हाताशी आलं होतं. नावही नसलेलं शिखर, नकाशावर नुसता उंचीचा आकडा. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोराला उलट्या सुरू झाल्या, तसा धनंजय त्याला घेऊन मागे फिरला. "शिखर काय पळून जात नाही," म्हणाला, आणि हसला. पण नंतर नकाशावरच्या त्या आकड्यावर बोट फिरवत बसला होता, ते नरहरनं बघितलं होतं.

तो वर असतानाच नरहरनं ऑफिसातून घरी फोन केला होता. गल्लीत फोन त्याच्याच घरी. वहिनींना बोलावून घेतलं आणि आवाज बदलून सांगितलं, "माताजी, गंगोत्री से बोल रहा हूँ. आपके लड़के ने यहाँ साधू बनने का फ़ैसला किया है." वहिनी अशा हमसून रडल्या की विनयानं नवऱ्याला आठवडाभर चहा दिला नाही.

या वर्षी तेच शिखर. निघायच्या आदल्या दिवशी नरहरनं धनंजयच्या पाठपिशवीत, तळाशी, मोज्यांच्या आत, रेल्वेच्या भंगारातली एक छोटी पत्र्याची पाटी कोंबली. निळ्यावर पांढरी अक्षरं, "यहाँ थूकना मना है". पोरगं पिशवी रिकामी करणार थेट वर, तंबूत. नुसत्या कल्पनेनंच नरहरचं पोट हलायला लागलं. धनंजयनं बघितलं.

"काका, काय केलंत?"

"कुठं काय?"

"पोट हलतंय. जे काय असेल त्याचा बदला घेणार हां मी. असा घेईन की जन्मभर लक्षात राहील."

आईला म्हणाला, "दिवाळीच्या आधी येतो. चकल्या करून ठेव." आणि गेला.

ऑक्टोबर संपत आला. बाजारात शिंगाडे आले, सकाळी धुकं पडायला लागलं. त्या दिवशी नरहर जेवायला घरी आला, तर स्कूटर लावतानाच भाजणीचा खमंग वास. विनया अमिनाबादच्या बाजारात कपडे आणायला गेलेली आणि वहिनी तिच्या स्वयंपाकघरात सोऱ्या घेऊन बसलेल्या, कपाळावर घाम, चेहरा फुललेला.

"भाऊजी, या या! ही घ्या पहिली. काटे बघा कसे आलेत. धनू येतोय!"

"अरे वा! कोण म्हणालं?"

"फोन आला होता, ट्रंक कॉल! ते चौहानसाहेब, उत्तरकाशीहून. आधी मला वाटलं तुम्हीच. मी म्हटलं, भाऊजी, आवाज ओळखला, इस साल साधू-बिधू नहीं चलेगा. तर तो बापडा गोंधळलाच. मग म्हणाला, माताजी, मैं चौहान. आवाज पार बसला होता हो, थंडीनं असणार."

"मग?"

"मग म्हणाला, बड़े अफ़सोस के साथ कहना पड़ रहा है, धनंजय हमारे बीच नहीं रहे."

नरहरच्या हातातली चकली तोंडापाशी थांबली.

वहिनी सोऱ्या दाबत बोलत होत्या. "त्यांच्यात राहिला नाही म्हणे. भांडला असणार. वडिलांवर गेलाय, पटलं नाही की उठून चालता. निघाला असेल एकटाच तरातरा. मी साहेबांना म्हटलं, नहीं रहा तो अच्छा हुआ! अफसोस काहे का? मैं तो पहिल्यापासून बोलती थी, मत रहो उधर, इधर दिवाली है. बरोबर बोलले ना? मग विचारलं, कब निकला? तर काहीतरी रडक्या आवाजात बोलला आणि लाईन कटली. खाताय ना? तिखट झाली का?"

"नाही," नरहर म्हणाला. "छान झालीय."

त्यानं ती चकली खाल्ली. कशी खाल्ली त्यालाच माहीत.

बाहेरच्या खोलीत येऊन तो फोनसमोर बसला. आणि अशा वेळी माणूस काय करतो? जे येतं तेच करतो. नरहरला खोड्या यायच्या, तेव्हा तो खोडी शोधायला लागला. बदला! धनंजय म्हणाला होता ना, जन्मभर लक्षात राहील असा. पाटी सापडली असणार, मग त्यानं चौहानसाहेबांना पटवलं असणार. हां, हेच. आता दार वाजेल, ते काळं तोंड दिसेल, नाकाची साल निघालेली. काका, कसं वाटलं? नरहर त्याच्या एक कानफटात देणार होता. मग मिठी मारणार होता. दुसऱ्याच्या खोडीत सापडावं म्हणून तो जन्मात पहिल्यांदा देवाची विनवणी करत होता.

फोन वाजला.

"सहस्रबुद्धे जी? चौहान. सुबह माताजी से बात हुई थी. उन्होंने कहा, अच्छा हुआ." मग खरखरीतून पुन्हा आवाज आला. "भाई साहब, सदमे में हैं न? उन्हें अकेला मत छोड़िएगा."

"जी," नरहर म्हणाला.

चौहानसाहेबांनी सगळं सांगितलं. धनंजय वर पोचला होता. त्या बिननावाच्या शिखरावर, सगळ्यात आधी. उतरताना धुकं आलं. इतरांना पुढे घालून तो शेवटी येत होता. बर्फाचा छज्जा पायाखाली खचला. कडेच्या दगडावर घासून दोर तुटला. खाली बर्फात खोल भेग होती. दोनदा उतरून शोधलं. हाती काही लागलं नाही.

"ऊपर पहुँचकर उसने बैग से एक तख़्ती निकाली, सहस्रबुद्धे जी. 'यहाँ थूकना मना है'. बर्फ़ में गाड़ दी और इतना हँसा, इतना हँसा कि हम सब की साँस फूल गई. कह रहा था, ये मेरे काका हैं."

"जी," नरहर म्हणाला. "जी."

आतून वहिनींचा आवाज आला, "धनूचाच आहे का हो? त्याला म्हणावं, गाडीत खिडकीशी बसू नको, थंडी आहे!"

नरहरनं फोन ठेवला.

विनया फाटकातून आत आली. हातात चिकनच्या भरतकामाचा कुर्ता, पद्मावहिनींनी सांगितलेला, धनंजयच्या मापाचा. "मिळाला बाई एकदाचा. गळा बघा किती नाजूक..." आणि नवऱ्याकडे बघून थांबली. त्यानं व्हरांड्यातच, दोन वाक्यांत सांगितलं. तिनं एकदाही चेष्टा करताय का म्हणून विचारलं नाही. पोट ओळखणारी बाई ती. कुर्ता छातीशी धरून पायरीवर बसली.

"वहिनींना?"

"त्यांना वाटतंय, येतोय."

"तुम्हीच सांगा," विनया म्हणाली. "मी आत पाय टाकला तर माझ्या तोंडावरच दिसेल."

आणि नरहरच्या लक्षात आलं की त्याच्या तोंडावर काही दिसलं तरी उपयोग नाही, कारण त्याच्या तोंडाकडे कुणी बघतच नाही.

तो आत गेला. वहिनींनी चकल्यांचा डबा अर्धा भरला होता आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधत होत्या. धनंजयनं शिकवलेली गाठ, दोराला मारतात ती. या गाठीचा डबा मुंगीच्या बापाला उघडत नाही, असं त्या सांगायच्या.

"वहिनी, जरा गॅस बंद करा."

"का? घाणा तळायचाय अजून."

त्यानंच बंद केला. समोर पाटावर बसला. "वहिनी, हिंदीत 'नहीं रहे' म्हणजे... राहिला नाही असं नाही."

वहिनी हसल्या. "झालं सुरू! मग काय म्हणजे?"

"म्हणजे माणूस नाही राहिला. वारला."

"इश्श! भाऊजी, सणाच्या तोंडावर असलं बोलतात का?" त्यांनी झारा उगारला. "साधूपर्यंत ठीक होतं हां. परवा विनयानं सांगितलं मला, शिक्षा म्हणजे शाळा म्हणून. त्या म्हाताऱ्याला लाडू द्यायला लावलात! आता मी नाही फसायची."

"चेष्टा नाही, वहिनी. आत्ता परत फोन आला होता."

"बघू," म्हणाल्या, आणि सवयीनं त्याच्या पोटाकडे बघायला लागल्या.

पोट स्थिर होतं. वहिनी बघत राहिल्या. ओठांवर हसू तयार ठेवून, आता हलेल मग हलेल, अशा. कढईतलं तेल निवत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. नरहरला वाटलं, असंच बसून राहावं. जोवर आपण हलत नाही तोवर या बाईचा मुलगा गाडीत खिडकीशी बसलेला आहे.

मग त्याचं पोट हललं.

"बघा!" वहिनी टाळी वाजवून ओरडल्या. "हसलात! हसलात की नाही!"

मग खांदे हलले. पाठोपाठ तोंड फुटलं, आणि त्यातून जो आवाज आला तो ऐकून व्हरांड्यातली विनया धावत आली.

वहिनींची टाळी तशीच जुळलेली राहिली. त्या पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

जुळलेले हात सोडवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, मराठीत सांगा. मला हिंदी नाही येत."

"गेला, वहिनी. आपला धनू गेला. वर पोचला होता. हसत होता. उतरताना बर्फातून खाली..."

"आणतायत ना इकडे?"

नरहरनं मान हलवली. "खूप खोल आहे. नाही काढता येत."

वहिनींनी डबा मांडीवर ओढला. फडक्याची ती गाठ बोटांनी चाचपली, सोडली नाही.

"म्हणजे तिथेच राहिला."

"हो."

"आता कायमचा तिथेच राहिला."

"हो, वहिनी."

"मग तो चौहान," त्या अगदी हळू, खरोखरच न कळल्यासारख्या म्हणाल्या, "मग तो नहीं रहे का म्हणाला?"